कोतवडेकर साहेबांच्या अष्टम्या

गुरुवार, २९ जानेवारी २०२६

वही, माफ कर. गणपतीनंतर तुला हात लावला नाही. लिहायला बसले की एकच गोष्ट लिहावीशी वाटायची, आणि ती लिहायची हिंमत नव्हती. म्हणून काहीच लिहिलं नाही. आज ती गोष्ट शंभरेक माणसांसमोर बोलून आले आहे. भाषणाचा कागद जवळ आहे, पण कागदाबाहेरचंही बरंच बोलले. आठवतंय तोवर जसंच्या तसं उतरवते. मधे सभागृहात जे घडलं ते कंसात लिहीन. सोयीचं तेवढंच ठेवलं, असं पुढे कधी वाचताना वाटायला नको.

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या किनारा समन्वय कक्षाच्या नव्या प्रमुख माननीय रुपाली नेरकर मॅडम; आजचे सत्कारमूर्ती, आपले समन्वय अधिकारी आदरणीय रावजी कोतवडेकर साहेब; त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी; व्यासपीठावरचे रस्त्याचे, रेल्वेचे आणि वनखात्याचे सन्माननीय प्रतिनिधी; माझे सहकारी; आणि पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही अगदी दाराशी बसलेले माझे दोन पाहुणे! मी निशिगंधा शिवलकर, या कक्षाची पर्यावरण सहायक, आपणा सर्वांना नमस्कार करते.

मला शेवटचा क्रमांक मिळाला आहे. सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही गोड बोलता. जेवणाआधी तुम्हीच बोला, म्हणजे वातावरण चांगलं राहील." मी प्रयत्न करते. जेवणात सुरमई आहे हे मलाही कळलं आहे, त्यामुळे लांबवणार नाही.

साहेबांविषयी आतापर्यंत सात जण बोलले. सगळ्यांनी एक शब्द वापरला, समन्वय. तो शब्द साहेबांना शोभतो, आणि हे मी उपहासाने म्हणत नाही. आपला जिल्हा किती अरुंद आहे हे आपण जाणता. एका बाजूला सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे जेमतेम जागा. त्याच जागेतून रस्ता रुंद व्हायचा आहे, त्याच जागेतून बंदराकडे रेल्वेचा नवा फाटा जायचा आहे, आणि तिथेच तिवरांची राई आहे, खाडीचं खारं पाणी खेळणारी खाजणं आहेत, माणसांची घरं आहेत. रस्तेवाले रेल्वेवाल्यांशी बोलत नव्हते. रेल्वेवाले वनखात्याला पत्र पाठवायचे, ते सहा महिन्यांनी पोचायचं. या सगळ्यांना एका जीपमध्ये कोणी बसवलं? कोतवडेकर साहेबांनी. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आले तेव्हा मला झाडांची नावं येत होती, सरकारी पत्र लिहिता येत नव्हतं. ते साहेबांनी शिकवलं. "निशिगंधा, पत्रात रागवायचं नाही. राग आला की परिच्छेद बदलायचा." हे त्यांचं वाक्य मी आजही पाळते. आता परिच्छेद बदलते.

साहेबांचा दुसरा गुण म्हणजे वेळ पाळणं. संयुक्त पाहणीची तारीख ते स्वतः ठरवायचे. कोणालाही विचारायचे नाहीत. एकदा ठरली की बदलायची नाही. चार खाती, चार गाड्या, सकाळी दहाला जागेवर. दुपारी जेवायच्या आत पाहणी पूर्ण, संध्याकाळी इतिवृत्त तयार, चारही सह्या झालेल्या. राज्यात एवढ्या वेगाने फाइल कुठे हलत नसेल. त्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते बाहेर काचेच्या कपाटात आहे, जाताना जरूर पाहा.

आता व्यासपीठावरचे काही पाहुणे घाटावरचे आहेत, त्यांच्यासाठी एक छोटी माहिती सांगते. इथल्या मंडळींनी कृपया कंटाळू नये. समुद्राला रोज दोनदा भरती येते, पण ती रोज सारखी नसते. पुनवेला आणि अवसेला, आणि त्यानंतर दोनेक दिवस, पाणी सगळ्यात वर चढतं. त्याला आम्ही उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास पाणी सुस्त असतं, अर्ध्यावरच थांबतं. त्याला भांग म्हणतात. उधाणाला जिथे कमरेएवढं पाणी असतं, तिथे भांगाला चप्पल भिजत नाही. हे कळायला पदवी लागत नाही. माझ्या स्वैपाकघरात दिनदर्शिका आहे, तिच्यात मासळी कधी स्वस्त होणार हे मी तिथीवरूनच बघते.

आता खारेवाडी. चार वर्षांपूर्वीची पाहणी. साहेब, आठवते ना? नोव्हेंबर होता, हवा छान होती. खाडीचा एक फाटा तिथे आत शिरतो आणि चाळीस एकर खाजणात पसरतो. रस्ता त्या फाट्यावरून जायचा होता. माझ्या अहवालात मी लिहिलं होतं की तिथे पाच गाळ्यांचा पूल हवा, पाणी आत-बाहेर होत राहिलं पाहिजे. आम्ही पोचलो तेव्हा जमीन कोरडी ठणठणीत. चौघे अधिकारी बूट घालून फाट्याच्या मधोमध उभे राहिले, फोटोही काढला. साहेब म्हणाले, "हे बघा, इथे कुठे पाणी आहे?"

आमच्याबरोबर गंगाराम भाटकर होते. कक्षाचे क्षेत्र मदतनीस, तेव्हा पंधरा वर्षं रोजंदारीवर. त्यांचं काम खाडीतल्या खांबावरची पाण्याची पातळी रोज वाचून वहीत लिहायची. ते मागून म्हणाले, "सायेब, आज आष्टमी हाय. भांगाचं पानी, ते हितपत्तुर येनारच न्हाय. पुनवंला या, मंग याच जाग्याव हुबं ऱ्हाऊन बोलू."

रस्त्याचे त्या वेळचे अभियंता हसत म्हणाले, "काका, पुनवेला आम्हाला सत्यनारायणाला जायचं असतं."

गंगाराम म्हणाले, "मंग सत्यनारायनाला हितंच बोलवा. तीर्थ फुकट गावंल."

सगळे हसले. साहेबही हसले. मीही हसले. आणि संध्याकाळी इतिवृत्त लिहिताना मी गंगारामांचं वाक्य घातलं, तेव्हा साहेबांनी शिसपेन्सिलीने त्यावर बारीक रेघ मारली. "स्थानिक मतं इतिवृत्तात नकोत, फाइल जड होते." मी ते वाक्य काढलं. लिहिलं, "पाहणीवेळी सदर ठिकाणी भरतीचे पाणी आढळले नाही." त्यातला एकही शब्द खोटा नाही. खाली सही माझी आहे.

(सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे बघितलं. मी पाणी प्यायले.)

पाच गाळ्यांच्या जागी भराव आला. भरावात दोन पाइप आले, तेही त्या दिवशीच्या कोरड्या जमिनीच्या अंदाजाने बसवलेले. रस्ता उत्तम झाला आहे, त्यावरून मी रोज येते. पण भरावाच्या आतले तिवर दुसऱ्याच वर्षी पिवळे पडले, आता उभ्या काठ्या आहेत. बाहेरचं पाणी आत जाईना, आणि पावसात आतलं पाणी बाहेर येईना. गेल्या जुलैत खारेवाडीच्या अकरा घरांत पाच दिवस पाणी होतं. माझ्या पाहुण्यांपैकी सगुणाबाई त्यांतल्या तिसऱ्या घरात राहतात. तीस वर्षं त्यांनी त्या फाट्यातल्या तिसऱ्या काढून बाजारात विकल्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, घाटावरच्या पाहुण्यांनी कृपया नोंद घ्यावी. आता तिथे नुसता काळा चिखल आहे. सगुणाबाई, किती दिवस झाले हो?

(सगुणाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तीन वरसं. आता तिसऱ्या मी इकत घेते. लोकांकडनं!")

घरात पाणी शिरलं तेव्हा चौकशी झाली. चौकशी झाली की कोणीतरी चुकलेलं असावं लागतं. आपल्या कक्षाने वर उत्तर पाठवलं. मला ते पाठ आहे, कारण ते मीच टंकलेखनाला दिलं: "क्षेत्र मदतनीसाने भरतीच्या पातळीबाबत पाहणी पथकास अवगत केले नाही." एकोणीस वर्षांची रोजंदारी एका ओळीत संपली. ज्या माणसाने सांगितलं होतं तोच एकटा, न सांगितल्याबद्दल घरी गेला. आज ते मिरकरवाड्याच्या मच्छी बंदरावर बर्फाच्या लाद्या फोडतात. ते माझे दुसरे पाहुणे. यायला तयार नव्हते. म्हणाले, "बाई, माज्या अंगाला मासळीचा वास." मी म्हटलं, साहेबांनाही तो वास एकदा येऊ दे.

(आता कोतवडेकर साहेब उठून उभे राहिले. समोरचा माइक त्यांनीच घेतला. ते जे बोलले तेही पूर्ण लिहिते, कारण ते खोटं नव्हतं.)

साहेब म्हणाले, "निशिगंधा, मी पंचांग बघून तारखा काढत नव्हतो. पण कोरडा दिवस बघून काढत होतो, हे खरं आहे. चिखल असला की ही मंडळी गाडीतून उतरत नाहीत. पहिल्या वर्षी मी दोन पाहण्या पाण्यात ठेवल्या. तिघांनीही काच खाली करून बघितलं आणि निघून गेले. सहा महिने फाइल पडून राहिली. कोरड्या दिवशी नेलं तरच चौघं एका जागी उभे राहतात. त्याला मी समन्वय म्हणतो. मी एक पैसा घेतलेला नाही."

साहेब, बसा. पैशाचं मी म्हटलंच नाही, म्हणणारही नाही. तुम्ही पैसे घेतले असते तर मला सोपं गेलं असतं. मी तुमच्या सगळ्या संयुक्त पाहण्यांच्या तारखा काढून तिथ्यांशी ताडून पाहिल्या. त्या पहिल्या दोन पाहण्या सोडून, नंतरच्या सात. सातांपैकी सहा अष्टमीच्या आहेत. सातवी दशमीची आहे, तेवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं. चार अधिकाऱ्यांचे बूट कोरडे राहावेत म्हणून आपण जिल्ह्यातल्या सात खाड्या त्यांच्या सगळ्यात सुस्त दिवशी पाहिल्या आणि कायमच्या तशाच लिहून टाकल्या. तुम्ही म्हणता ते मला पटतं. म्हणूनच मला जास्त राग येतो.

मी रागवणार नव्हते. परिच्छेद बदलते.

कार्यालयातर्फे साहेबांना शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. माझीही वैयक्तिक छोटी भेट आहे. आमचे ड्रायव्हर विठू यांनी मापं गुपचूप काढून दिली, त्यांचे आभार. विठू, ती पिशवी वर आण. हे गमबूट. गुडघ्यापर्यंतचे, मच्छीमार वापरतात तेच. साहेबांचे नऊ नंबर. रस्त्याच्या सरांचे आठ. रेल्वेच्या सरांचे दहा. वनखात्याच्या सरांचे सात, लहान वाटले तर बदलून मिळतील, पावती आत आहे. आता कोणालाही गाडीची काच खाली करून बघायची गरज नाही.

(हशा झाला, आणि तो लवकर थांबेना. सगुणाबाई ओरडल्या, "घालून दावा की सायेब, चावतात काय बगा!" रेल्वेचे सर हसत होते. रस्त्याचे सर मोबाइलमध्ये बघत होते. साहेबांनी बूट मांडीवर घेतले आणि तसेच बसून राहिले. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी मला आनंद झाला. चार वर्षांत झाला नव्हता एवढा. ही नोंद करून ठेवते.)

बूट का, ते सांगते आणि संपवते. रेल्वेचा फाटा खारेवाडीत रस्त्याला समांतर, पन्नास मीटर आतून जाणार आहे. त्या जागेची संयुक्त पाहणी साहेबांनी जाता जाता ठरवून दिली आहे. सोमवार, नऊ फेब्रुवारी. मी दिनदर्शिका पाहिली. माघ वद्य अष्टमी. त्या दिवशीही तिथे पाणी नसेल. मग रेल्वेलाही भराव मिळेल, दोन पाइप मिळतील, आणि उरलेलं खाजण दोन भिंतींच्या मागे जाईल. उलट उधाणाला जाऊन रेल्वेला पाच गाळे लिहिले, तर आपल्याच कक्षाच्या नियमाप्रमाणे रस्त्यालाही तेवढेच गाळे काढून जुळवावे लागतील. म्हणजे भराव फोडावा लागेल. एक पाहणी, एका तारखेची. सगुणाबाईंच्या दारातलं पाणी त्या तारखेवर आहे. आणि साहेब निवृत्त होत असले तरी रेल्वेचे सल्लागार म्हणून या पाहणीला येणारच आहेत. त्यांच्याशिवाय समन्वय कसा होणार?

माननीय अध्यक्ष, तारीख बदलण्याची टिपणी मी आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवली आहे. आपण "बघते" म्हणालात. आपण नव्या आहात, आपल्यावर हे असं चारचौघांत टाकणं बरं नाही, हे मला कळतं. तरी टाकते. बुधवार, अठरा फेब्रुवारी. अवसेचा दुसरा दिवस. पाणी दुपारी बाराच्या सुमारास भरेल.

(नेरकर मॅडमनी माइक ओढून घेतला. "अध्यक्षांनी भाषणाच्या मधे बोलायची पद्धत नाही," त्या म्हणाल्या, "पण निरोपाच्या भाषणात बूट द्यायचीही पद्धत नाही. अठरा तारीख. साडेअकराला जागेवर. गाडीत एक जागा भाटकरांसाठी ठेवा. ते दाखवतील तिथपर्यंत आपण चालायचं." मग साहेबांकडे वळून, "कोतवडेकर, चालेल ना?" साहेब म्हणाले, "चालेल." एवढंच.)

धन्यवाद, मॅडम. यापुढे माझ्याकडे बोलायला काही नाही.

साहेब, निवृत्तीनंतर आपल्याला उत्तम आरोग्य लाभो. आपण मला जे शिकवलंत त्याबद्दल मी ऋणी आहे, हे आजच्या बाकीच्या वाक्यांइतकंच खरं आहे. वहिनी, तुमच्यासमोर बोलावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. दुसरी जागा मिळाली असती तर तिथे बोलले असते. चार वर्षं शोधली, मिळाली नाही. संयोजकांनी पाच मिनिटं दिली होती, मी वीस घेतली. ज्यांची सुरमई थंड झाली त्यांनी उदार मनाने सोडून द्यावं. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर तो राखायचाच नव्हता असं समजू नये. एक सोडून बाकी सगळ्यांची मी क्षमा मागते. नमस्कार.

एवढं भाषण. टाळ्या झाल्या, पण त्या बुटांना होत्या की मला, सांगता येत नाही. जेवताना माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही, विठू सोडून. रस्त्याच्या सरांचे बूट खुर्चीखालीच राहिले.

वहिनी हात धुवायला आल्या तेव्हा माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या म्हणाल्या, "शाल खुर्चीवरच विसरले होते ते, मी उचलली. बूट मात्र स्वतः गाडीत नेऊन ठेवलेत." मग नळ बंद करून गेल्या. हे बोलणं माझ्या बाजूचं की विरुद्ध, अजून ठरवता येत नाही.

गंगाराम जिन्यात भेटले. सगुणाबाई खाली रिक्षा थांबवत होत्या. मला वाटलं, ते खूश असतील. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून शाबासकी हवी होती.

म्हणाले, "लय भारी बोल्लात, बाई. सायबाचं तोंड बगन्यासारकं झालं."

मी म्हटलं, "अठराला येणार ना?"

"येनार की. पानी दाकवीन. पर बाई, येक इचारू? माजं नाव कागदावर तसंच हाय ना अजून?"

"म्हणजे?"

"म्यां सांगितलं न्हवतं, आसं ल्हिलेलं. ते भाषनानं पुसलं जातंय का?"

मी भाषणाच्या कागदाची घडी घालायला लागले. ते म्हणाले, "न्हाय, सहज इचारलं," आणि खाली उतरून गेले.

सहज विचारलं नव्हतं. आणि उत्तर मला येत होतं. भाषणात मी "सही माझी आहे" असं म्हटलं आणि पाणी पिऊन पुढे गेले. साहेबांनी शिसपेन्सिलीने रेघ मारली. खोडलं मी, शाईने. व्यासपीठावर चार जणांना बूट वाटले, आणि पाचव्या माणसाला, म्हणजे मला, कोरडं ठेवलं. मी लेखी दिलं तर चौकशी माझ्यावर बसेल, वेतनवाढ थांबेल, कदाचित बदली होईल. नाही दिलं तर गंगाराम अठरा तारखेला आमच्या गाडीत बसतील, पाणी दाखवतील, आणि संध्याकाळी परत बर्फ फोडायला जातील. साहेबांवर सूड घ्यायला मला चार वर्षं लागली. तो घेताना मजा आली, कारण तो दुसऱ्यावर होता.

उद्या: गंगारामांचं वाक्य इतिवृत्तातून मी वगळलं, आणि त्यांनी माहिती दिली नाही हे उत्तर खोटं असल्याचं ठाऊक असून टंकलेखनाला दिलं, असं लेखी निवेदन माझ्या सहीने आवक-जावकला देऊन पोच घेणे.